सात देव आणि एक होडी: जपानी ठसाचित्रांतले भाग्यदेव कसे ओळखायचे

तुमच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या शोकेसमध्ये या सातांपैकी एक जण बहुधा आधीच येऊन बसलेला आहे. टक्कल, सुटलेलं पोट, जवळ एक गाठोडं आणि तोंडभर हसू. गिफ्टच्या दुकानात त्याला ‘लाफिंग बुद्धा’ म्हणतात. पण तो बुद्ध नव्हे. तो बुदाई नावाचा चिनी भिक्षू, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला. जपानात त्याचा होतेई झाला आणि ‘शिचिफुकुजिन’ या सात भाग्यदेवांच्या टोळक्यात त्याला जागा मिळाली.

हे सातही जण एदो काळातल्या (1603 ते 1868) ‘उकियो-ए’ चित्रांत, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांत, जागोजागी भेटतात. संग्रहालयांच्या साइटवर अशी चित्रं चाळताना ‘हा म्हातारा कोण? आणि ही बाई होडीत काय करतेय?’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, बॉस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स, ब्रिटिश म्युझियम, जपानची नॅशनल डाएट लायब्ररी या सगळ्यांनी आपले संग्रह फुकट बघायला खुले ठेवलेत. ‘शिचिफुकुजिन’ किंवा ‘ताकाराबुने’ (या सातांची होडी) असा शोध घ्या, एखादं चित्र मोठं करून समोर ठेवा आणि मग पुढे वाचा.

पहिली पायरी: चेहरा सोडा, हात बघा

मूर्तीवरून देव ओळखायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, आणि इथे नेमकी तीच नडते. मी पहिल्यांदा ही चित्रं बघितली तेव्हा उंदीर दिसला म्हणून एकाला गणपतीचा भाऊबंद ठरवलं आणि ढेरी दिसली म्हणून दुसऱ्याला कुबेर. दोन्ही साफ चूक. उंदीरवाला निघाला महाकाल. आणि कुबेर? तो चिलखत घालून, भाला घेऊन, कपाळाला आठ्या घालून तिसरीकडेच उभा होता.

म्हणून चेहरे, पोट, वय यांकडे आधी लक्षच देऊ नका. हातात काय आहे, पायाशी काय आहे, डोक्यावर काय आहे, याच क्रमाने बघा.

सगळ्यात सोपा एबिसु. एका हातात गळ, काखेत लालसर मोठा मासा, डोक्यावर दुमडलेली उंच काळी टोपी. मासा ‘ताई’ जातीचा. जपानीत शुभ, आनंदाचं म्हणजे ‘मेदेताई’, त्यातला शेवटचा ‘ताई’ या माशात ऐकू येतो, म्हणून लग्नाकार्यात हाच मासा. सातांत अस्सल जपानी एवढा एकच. कोळ्यांचा देव, पुढे व्यापाऱ्यांचाही झाला. त्याला कमी ऐकू येतं अशी समजूत आहे. ती लक्षात ठेवा, पुढे भूकंपाच्या चित्रांत उपयोगी पडेल.

त्याच्या शेजारी बहुतेक वेळा दाईकोकु. तांदळाच्या दोन गोण्यांवर उभा किंवा बसलेला, पाठीवर पोतं, हातात लाकडी हातोडा, डोक्यावर चपटी मऊ टोपी. गोण्यांशी उंदीर घुटमळताना दिसतील. हातोडा आपटला की हवं ते बाहेर पडतं. हाच आपला महाकाल, आणि त्याचं हे रूप बघून आपण चक्रावतो, कारण आपल्या डोक्यात महाकाल म्हणजे भस्म, कवट्या, उग्र डोळे. मग हा गालातल्या गालात हसणारा किराणा दुकानदार कुठून आला?

याचं उत्तर भारतातच आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे येऊन राहिलेला चिनी भिक्षू यिजिंग, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला इत्सिंग, लिहून गेला आहे की इथल्या मठांत स्वयंपाकघराच्या खांबापाशी किंवा कोठाराच्या दाराशी दोन-तीन फूट उंचीची एक लाकडी मूर्ती असते. हातात सोन्याची थैली, बसायला छोटं आसन, एक पाय खाली सोडलेला. येता-जाता तेल लावून लावून ती काळी पडलेली असते आणि तिला महाकाल म्हणतात. तेलाने काळाकुळकुळीत झालेला देव आपल्याला नवा नाही, गावोगावचे शनी-मारुती आठवा. थैलीवाला हा भटारखान्याचा महाकाल बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानात गेला. क्योतोजवळच्या हिएई डोंगरावरच्या मठात त्याला साइचो या आचार्याने नेलं असं परंपरा सांगते. तिथे ‘ओकुनिनुशी’ या जुन्या जपानी देवाशी त्याची गाठ पडली, कारण त्या नावातली ‘महान देश’ ही अक्षरं ‘दाईकोकु’ अशीही वाचता येतात. उंदीर त्या देवाकडून आला: जुन्या कथेत माळरान पेटलं असताना उंदराने त्याला बिळाची वाट दाखवून वाचवलं. घराचा मुख्य आधारखांब आणि घराचा कर्ता माणूस या दोघांनाही जपानीत आजही ‘दाईकोकु-बाशिरा’, दाईकोकुचा खांब, म्हणतात.

गणपतीही जपानात आहे बरं का, कांगितेन या नावाने. पण तो या सातांत नाही आणि त्याच्या मूर्ती बहुधा झाकूनच ठेवतात.

आता कुबेर. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, म्हणजेच कुबेर. पूर्ण चिलखत, एका हातात भाला आणि दुसऱ्या तळव्यावर इवलासा स्तूप. हा स्तूपच खूण. आपला थैलीवाला लंबोदर कुबेर तिथे उत्तर दिशेचा सेनापती झाला. ढेरी गेली होतेईच्या वाट्याला. गोण्या आणि हातोडा नसेल, डोकं उघडं, पोट उघडं आणि हातात गोल पंखा असेल, तर पोतं असलं तरी तो होतेईच. अंगाखांद्यावर पोरं चढलेली असतील तर दुसरा विचारच नको.

बाई एकच असते: बेन्झाइतेन, आपली सरस्वती. वीणेच्या जागी ‘बिवा’ हे पोटात फुगीर असलेलं तंतुवाद्य, आणि हंस-मोरांच्या जागी पांढरा साप नाहीतर ड्रॅगन. तिच्या नावातलं मधलं अक्षर पूर्वी ‘प्रतिभा’ या अर्थाचं लिहीत, पुढे त्याच उच्चाराचं ‘संपत्ती’ हे अक्षर लिहू लागले. सरस्वतीकडे विद्या आणि लक्ष्मीकडे पैसा अशी आपली वाटणी. तिथे एकाच अक्षराच्या बदलात दोन्ही खाती एकीकडे आली.

दुसरी पायरी: दोन म्हाताऱ्यांची गल्लत

उरले दोन म्हातारे, आणि इथे भले भले फसतात. फुकुरोकुजू आणि जुरोजिन. दोघे पांढऱ्या दाढीचे, दोघांच्या हातात काठी, दोघांजवळ गुंडाळी. घोटाळा होतो कारण मुळात दोघे एकाच ताऱ्याचे अवतार, दक्षिणेकडच्या दीर्घायुष्याच्या ताऱ्याचे, ज्याला आपण अगस्ती म्हणतो.

डोक्यापासून सुरुवात करा. कपाळ वर वर वाढत दुधीभोपळ्यासारखं झालं असेल तर फुकुरोकुजू. डोकं साधारण माणसाचं, त्यावर टोपी आणि शेजारी हरीण असेल तर जुरोजिन. करकोचा दिसला तर कल पहिल्याकडे. मात्र हरीण हा पक्का पुरावा मानू नका. फुकुरोकुजूच्या नावातल्या ‘रोकु’चा अर्थ धनलाभ, पण हरणाच्या अक्षराचाही एक उच्चार ‘रोकु’च, म्हणून चित्रकार कधीकधी हरीण त्याच्या पायाशीही बांधतात. शंका आली तर डोक्याचं माप प्रमाण माना.

आणि मोजल्यावर दोन बायका निघाल्या तर? तुम्ही चुकला नाहीत. या दोघांतल्या एकाला काढून काही चित्रकार किचिजोतेनला बसवतात. किचिजोतेन म्हणजे आपली लक्ष्मी.

तिसरी पायरी: होडी आहे का?

सातही जण एका होडीत दिसले तर ते चित्र ‘ताकाराबुने’, खजिन्याचं जहाज. हे भिंतीवर लावायला नव्हतं, ते उशीखाली ठेवायला होतं. नव्या वर्षाच्या दुसऱ्या रात्री ते उशीखाली ठेवून झोपायचं, म्हणजे वर्षातलं पहिलं स्वप्न चांगलं पडतं. एदोच्या, म्हणजे आजच्या टोक्योच्या, गल्ल्यांतून फेरीवाले ‘ओताकारा, ओताकारा’ ओरडत ही चित्रं विकत. म्हणूनच यांतली कितीतरी एकाच काळ्या शाईत, पातळ कागदावर, घाईत छापलेली दिसतात. शिडावर बहुधा एकच मोठं अक्षर असतं, ‘खजिना’ या अर्थाचं किंवा ‘बाकु’ हे. बाकु हा वाईट स्वप्नं खाणारा काल्पनिक प्राणी. एवढं करूनही वाईट स्वप्न पडलंच, तर सकाळी चित्र नदीत सोडून द्यायचं. शिल्लक राहिलेल्या एखाद्या प्रतीवर उभ्या-आडव्या घड्या दिसल्या की मला बरं वाटतं. कुणीतरी त्यावर खरोखर झोपलं असेल.

होडीतला माल ओळखणं हा वेगळाच खेळ. भाताच्या गोण्या आणि पोवळ्याची फांदी लगेच कळते. इतर वस्तू हळूहळू सापडतात: कोठाराची किल्ली, कधीच न संपणारी थैली, सोनं तोलायचं वजन, लवंगा, अदृश्य करणारी टोपी आणि तिच्या जोडीचं गवताचं इरलं. टोकाशी ज्वाळा असलेला गोळा म्हणजे चिंतामणी. तोही इथूनच गेलेला.

जहाजाभोवती किंवा वरच्या कोपऱ्यात पाच ओळींची कविता असेल. ती बहुतेक ठिकाणी एकच असते:

नाकाकियो नो / तोओ नो नेफुरि नो / मिना मेसामे / नामिनोरिफुने नो / ओतो नो योकि काना

अर्थ साधारण असा, की लांबलचक रात्रीच्या झोपेतून सगळे जागे होतात, लाटांवर चाललेल्या होडीचा आवाज किती गोड! आता ही कविता शेवटच्या अक्षरापासून उलटी वाचा: ना, का, कि, यो, नो... तीच कविता परत. एकतीस अक्षरं, दोन्हीकडून सारखी. शाळेत आपण ‘ती होडी जाडी होती’ म्हणत हसायचो, त्याचाच हा दिमाखदार थोरला भाऊ, आणि योगायोगाने तोही होडीवरच.

चौथी पायरी: थट्टा कुठे आहे ते शोधा

सातही ओळखले की बरेच जण थांबतात. खरी मजा त्यापुढे सुरू होते. ही पूजेची चित्रं क्वचितच असतात. चित्रकारांनी या देवांना ओळखीच्या शेजाऱ्यांसारखं वागवलं आहे: ते दारू पितात, कुस्ती खेळतात, नाचतात, हिशेबाच्या वह्या लिहितात.

एक ठरलेला विनोद असा. फुकुरोकुजू खाली बसलाय आणि त्याच्या डोक्याला शिडी लावून, वर चढून दाईकोकु त्याची हजामत करतोय. मूळ कल्पना ओत्सु गावची. एदोहून क्योतोला जाताना तोकाइदो रस्त्यावरचा हा शेवटचा मुक्काम, आणि तिथे प्रवाशांना स्वस्तात हाताने काढलेली चित्रं विकत. ठशांच्या चित्रकारांनी हा विनोद तिथून उचलला. माझा आवडता चित्रकार उतागावा कुनियोशी (1798–1861). याने फुकुरोकुजूच्या डोक्याचे नसते उद्योग दाखवणारी अख्खी मालिकाच काढली.

दुसरा प्रकार ‘मिताते’. यात देव दिसतच नाहीत. सात सुंदर बायका दिसतात, त्या काळच्या फॅशनच्या किमोनोत, आणि प्रत्येकीजवळ एक खूण सोडलेली असते. एकीपुढे मासा. एकीच्या मांडीवर बिवाऐवजी तीन तारांचं शामिसेन. एकीभोवती पोरं आणि बाजूला गाठोडं. पहिल्या पायरीत हात बघायला सांगितलं ते यासाठीच. इथे चेहरे बघून काहीच हाती लागत नाही, सगळ्या सारख्याच देखण्या.

काही चित्रांतला विनोद मात्र बाहेरची बातमी कळल्याशिवाय समजत नाही. 11 नोव्हेंबर 1855 च्या रात्री एदोत मोठा भूकंप झाला. जपानी पंचांगाने तो दहावा महिना होता, आणि त्या महिन्यात देशभरचे देव इझुमोच्या देवळात बैठकीला जातात असं मानत. भूकंप होतो तो जमिनीखालच्या अजस्र माशाने, नामाझूने, अंग हलवलं की. त्याला दगडाखाली दाबून ठेवणारा काशिमाचा देवही गावाला गेलेला. मग राखणीला कोण? एबिसु. ऐकू कमी येत असल्यामुळे त्याला बैठकीचं बोलावणंच कळत नाही, तो मागे राहतो. भूकंपानंतर महिना-दोन महिन्यांत नामाझूची चित्रं ढिगाने निघाली, आणि काहींत हा राखणदार पेंगताना किंवा मोठ्यांपुढे खाली मान घालून उभा दिसतो. गळ घेऊन बसणाऱ्या देवाच्या हातून निसटला तो मासाच! शहर ढिगाऱ्याखाली असताना लोकांनी हा विनोद विकत घेतला, यातच त्या शहराचा स्वभाव दिसतो.

पाचवी पायरी: चित्राचं वय काढा

जपानी वाचता येत नसलं तरी बरंच जमतं. चित्राच्या कडेला छोटे शिक्के असतात. त्यांतला सेन्सॉरचा शिक्का कामाचा. 1791 ते 1842 बहुधा एकच गोल शिक्का, ‘किवामे’, म्हणजे ‘तपासलं’. 1843 पासून गावकीच्या अधिकाऱ्यांच्या नावांचे शिक्के, आधी एक, 1847 पासून दोन. 1853 च्या अखेरीपासून ‘आरातामे’ हा तपासणीचा शिक्का आणि वर्ष-महिन्याचा वेगळा शिक्का. 1859 ते 1871 या काळात दोन्ही एकाच गोलात.

एक उदाहरण करून बघू. तारखेच्या शिक्क्यात वर्ष आकड्यात नसतं, बारा प्राण्यांपैकी एकाच्या नावाने असतं. समजा प्राणी निघाला वाघ. वाघाचं वर्ष बारा वर्षांनी येतं: 1854, मग 1866. कोणतं? आरातामे वेगळ्या शिक्क्यात असेल तर 1854, त्याच गोलात असेल तर 1866. बस, एवढंच. प्राण्यांची बारा अक्षरं कागदावर उतरवून समोर ठेवा, दोन संध्याकाळींत पाठ होतात.

शिक्काच नसेल तर घाबरू नका, तीही माहितीच आहे. भूकंपाची चित्रं परवानगीशिवाय निघाली, त्यांवर बहुधा चित्रकाराचं नावही नसतं. आणि ‘सुरिमोनो’ ही कवींच्या मंडळांनी नव्या वर्षाला खासगीत वाटायला छापून घेतलेली चित्रं, त्यांना शिक्क्याची गरजच नव्हती. भाग्यदेव सुरिमोनोंत खूप सापडतात. जाड कागद, धातूची चमक, आणि शाई न लावता नुसता ठसा दाबून उठवलेली नक्षी. ती नक्षी पडद्यावर जवळजवळ दिसत नाही. खरी प्रत समोर आली तर कडेने तिरपा प्रकाश पाडून बघा.

विकत घ्यायचं असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण इथे मी एकदा आपटलोय. ऑनलाइन घेतलेलं ‘जुनं’ ताकाराबुने घरी आल्यावर भिंगाखाली धरलं, तर रंगाच्या जागी बारीक बारीक ठिपके. म्हणजे ऑफसेट छपाई, कॅलेंडरसारखी. लाकडी ठशाचा रंग सलग असतो आणि कागदात मुरतो. चित्र उलटून मागची बाजू बघा: रंग मागे उतरलेला दिसायला हवा, आणि ‘बारेन’ या गोल दाबणीने घासल्याच्या खुणाही. विक्रेत्याकडून पाठीमागचा फोटो आधी मागवा. तो टाळाटाळ करू लागला तर व्यवहार सोडा. जुन्या चित्रावरून लाकूड नव्याने कोरून केलेल्या प्रतीही असतात. त्या वाईट नाहीत, फक्त नव्या म्हणून, नव्याच्या भावाने घ्या.

लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. आम्लरहित माउंट आणि ऊन येणार नाही अशी भिंत, एवढं जपा. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात फ्रेम बाहेरच्या भिंतीवर ठेवू नका. ओल मागून येते, बुरशी कागदाला धरते आणि उरलेलं काम कसर करते.

सरावासाठी एक चित्र

हिरोशिगे या उकियो-ए चित्रकाराचं तीन पानांचं एक चित्र आहे, 1850 च्या आसपासचं, एनोशिमा बेटावर बेन्झाइतेनच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीचं. तिथल्या गुहेतलं देऊळ ठरावीक वर्षांनी दर्शनासाठी उघडत असे. शोधून ते मोठं करा आणि आधी बिवा शोधा. सापडणार नाही. साप नाही, देवीही नाही. समुद्रकाठी बायकांचे जथेच्या जथे, वर एकसारख्या छत्र्या. आता छत्र्यांवरच्या खुणा बघा, प्रत्येक जथ्याची वेगळी. तोकिवाझु, कियोमोतो, तोमिमोतो, नागाउता या गायन-वादनाच्या घराण्यांच्या त्या खुणा. गुरू आणि शिष्यिणी आपापल्या घराण्याच्या छत्रीखाली सरस्वतीच्या दर्शनाला निघाल्यात. डावीकडच्या पानापासून सुरुवात करून एकेक छत्री मोजत उजवीकडे सरका.